चार हजारांपुढचा आवाज

पोपटराव रणपिसे यांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांनी वाचावं म्हणून काही लिहिलं, ते सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही प्लायवूडबद्दल. "अठरा एमएमचा प्लाय आणला. कडा तासून घेतल्या. उद्या भोकं पाडणार." बस्स, एवढंच. सोबत डोंबिवलीतल्या नांदिवलीच्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर काढलेले दोन फोटो. प्लायचे तुकडे ओळीने मांडलेले, आणि एका कोपऱ्यात चुकून आलेली त्यांची स्वतःची सावली.

पोस्ट टाकली होती 'आवाजघर' नावाच्या ग्रुपवर. घरच्या घरी स्पीकर बनवणाऱ्या लोकांचा हा ऑनलाइन ग्रुप त्यांना मुलीने, समीक्षाने, फोनवर लावून दिला होता. त्यालाही कारण घडलं होतं. तिने जुन्या होम थिएटरचा डबा भंगारात द्यायला काढला आणि पोपटरावांनी तो सवयीने उघडून पाहिला. आत काय, तर भुशाचं पातळ लाकूड आणि मूठभर कापूस. "एवढंच असतं होय आत? हे तर मी करीन," ते म्हणाले. समीक्षाने ते वाक्य पकडलं. कोलशेतच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं पंचिंग प्रेसवर काढलेला आपला बाप कारखाना बंद झाल्यापासून दिवसातून चार वेळा घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालतो, हे ती पाहत होती.

ग्रुपवर कल्याणच्या सुमतीताई होत्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आतापर्यंत अकरा जोड्या बनवलेल्या. नवशिक्यांसाठी त्यांनी एक सोपा नकाशा टाकला होता: खाली सहा इंची वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, वर बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर, आणि मागे आवाजाची वाटणी करणारं थोडं वायरिंग. पोपटरावांनी तोच नकाशा धरला.

काम त्यांच्या हाताला नवं नव्हतं, पण लिहायची चटक नवी होती. रोज काहीतरी टाकायचे. एकदा लिहिलं, "आज डबा चिकटवला. दाबायला क्लॅम्प कमी पडले म्हणून वर तांदळाचा डबा, इडलीचा कुकर आणि बायकोची शिलाई मशीन ठेवली. बायको विचारते, मी ब्लाऊज कधी शिवू." त्या पोस्टला दीडशे जणांनी अंगठे दिले. नाशिकच्या कुणीतरी विचारलं, "ब्लाऊज शिवून झाला का?" बायकोला, शकूला, ते वाचून दाखवलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "बाई गं, नाशिकपर्यंत गेलं?"

माणसाला आपली ओळख लागते. कारखान्यात ती होती: प्रेसची डाय, म्हणजे साचा, बसवावा तर पोपटने. कल्याणच्या गायन पार्टीतही होती. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत ते पस्तीस वर्षं ढोलकी वाजवत आले होते, आणि ढोलकीचा सूर लावायचा तर पोपटदादानेच, हे सगळ्या पार्टीला ठाऊक होतं. शाईकडच्या बाजूवर एक टिचकी मारली की कुठली दोरी किती ओढायची ते त्यांना कळायचं. कारखाना गेला तेव्हा पहिली ओळख गेली. आता या ग्रुपवर न पाहिलेली माणसं 'काका, तुमची पोस्ट आली की आधी वाचतो' असं लिहीत, तेव्हा गेलेलं काहीतरी मागच्या दाराने घरात परत आल्यासारखं त्यांना वाटायचं.

दीड महिन्याने जोडी वाजली. पोपटरावांनी एक जुनं गाणं लावलं, ऐकलं, आणि त्यांचं तोंड उतरलं. आवाज जाड होता, भरीव होता, पण मंद. गोधडीत गुंडाळल्यासारखा. त्यांनी नकाशा पुन्हा पाहिला. ट्वीटरच्या वाटेत सुमतीताईंनी दोन रेझिस्टर सांगितले होते, त्याचा आवाज जरा दाबून धरायला. पोपटरावांनी ते दोन्ही काढून टाकले. आता कसा आवाज मोकळा झाला! गाणाऱ्या बाईचे शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले. त्यांनी लगेच लिहिलं, "ताईंचे रेझिस्टर काढले. क्षमा असावी. माझ्या कानाला असंच बरं वाटतं."

तासाभरात ऋतुराजची कॉमेंट आली. हा ठाण्याचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, कॉम्प्युटरवाला. राहायला कोलशेतलाच, नव्या टॉवरमध्ये. "काका, काम एक नंबर झालंय. पण रेझिस्टर काढले तर ट्वीटर आठ-नऊ डेसिबल वर जाणार. टोचेल. कुठला सूर किती जोरात येतो त्याचा ग्राफ टाका ना एकदा."

"ग्राफ कशाला? कान आहेत ना," पोपटरावांनी लिहिलं. "पस्तीस वर्षं ढोलकी लावतोय."

याला भराभर बदाम आले. पण ऋतुराज हटणारा नव्हता. "काका, कानावर डाउट नाही हो. पण मोजून बघायला काय जातंय?"

"तू कधी ढोलकीला हात लावलायस का?"

हे लिहून झाल्यावर पोपटरावांना जरा जास्त झालं असं वाटलं, पण पुसलं नाही. ग्रुपवर दोन तट पडले. कुणी म्हणे काकांचं बरोबर, संगीत काय कागदावर ऐकायचं असतं? कुणी म्हणे ग्राफशिवाय सगळं हवेत. दोन दिवस हे चाललं. शेवटी सुमतीताईंनी लिहिलं, "पोपटराव, पहिल्या जोडीचा ग्राफ काढायला सांगितला तेव्हा मीही चिडले होते. ऋतुराजकडे मोजमापाचा चांगला माइक आहे. तो मागवून बघा. तुमचं खरं निघालं तर मी नकाशा बदलीन."

या शेवटच्या वाक्याने पोपटराव तयार झाले. समीक्षा ठाण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. तिने येताना ऋतुराजकडून माइक आणला. पेनाएवढी बारीक नळी, मऊ कापडात गुंडाळलेली.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळी मांडामांड झाली. एक स्पीकर स्टुलावर, समोर माइक, समीक्षाच्या मांडीवर लॅपटॉप. पंखा बंद केला. शकूला कुकर उतरवायला लावला.

"पप्पा, आता एक आवाज येईल," समीक्षा म्हणाली. "खालच्या सुरातून सुरू होऊन वर वर जात राहणार. बोलायचं नाही, हलायचं नाही. संपला की मी सांगते."

आवाज सुरू झाला. आधी जमिनीखालून आल्यासारखा घुमला, तळपायांना लागला. मग चढत गेला, भोंग्यासारखा, मग शिट्टीसारखा. पोपटराव डोळे मिटून ऐकत होते. कुठेही खरखर नाही, डब्याचा थरथराट नाही. शिट्टी बारीक होत गेली, धाग्यासारखी झाली, आणि संपली. ते खूश झाले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

समीक्षाने तोंडावर बोट ठेवलं. ती अजून स्पीकरकडे पाहत होती. पोपटरावांनी वळून शकूकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या शकूने दोन्ही कानांत बोटं घातली होती आणि दात दुखावा तसा चेहरा केला होता. लॅपटॉपवरची रेघ उजवीकडे सरकतच होती. खोली पोपटरावांसाठी अगदी शांत होती. खालच्या रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती. आणि त्या शांततेत त्यांची बायको आणि मुलगी काहीतरी सोसत होत्या.

रेघ थांबली. शकूने बोटं काढली.

"संपला?" पोपटरावांनी विचारलं.

"आत्ता संपला," समीक्षा म्हणाली. तिच्याही लक्षात आलं होतं. ती लॅपटॉपकडे बघत बसली, वर पाहिलं नाही.

"माइक बिघडलाय त्याचा."

"पप्पा, माइकचा काय संबंध? तो ऐकतो फक्त."

पोपटरावांनी माइककडे पाहिलं. मग शकूकडे वळून म्हणाले, "तुला खरंच ऐकू येत होतं?"

"अहो, कान फाटत होते."

"मग एवढे दिवस गाणी लावतोय, तेव्हा?"

शकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेव्हा मी गॅलरीत जाऊन बसायचे ना. टोचायचं जरा."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे खूश होतात," ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

त्यानंतर तीन आठवडे पोपटरावांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. जोडीवर जुनी चादर टाकून ठेवली. ग्रुपवर लोक विचारत होते. 'काका कुठे गायब?' 'ग्राफ आला का?' एकाने लिहिलं, 'ग्राफ नाही आला म्हणजे समजून घ्या.' त्याला ऋतुराजनेच झापलं, 'काकांना वेळ लागला तर लागू दे, तुझं काय जातंय?' पोपटराव सगळं वाचत आणि फोन पालथा ठेवत.

समीक्षाने कान तपासायची वेळ घेतली, तिला ते नाही म्हणाले नाहीत. दवाखान्यात त्यांना काचेच्या एका लहान खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पोपटराव परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. सुरुवातीला बटण भराभर दाबलं गेलं. मग बराच वेळ काही आलंच नाही. काचेपलीकडची डॉक्टर मुलगी मान खाली घालून काहीतरी नोंदवत होती. ती काहीतरी वाजवत असणार आणि आपल्याला कळत नाहीये, हे त्यांना तिच्या हाताच्या हालचालीवरून कळत होतं. एकदा तर आवाज न येताच त्यांनी बटण दाबलं. लगेच लाज वाटली.

"काम काय करायचात, काका?" तिने नंतर विचारलं.

"पंचिंग प्रेस. एकोणतीस वर्षं."

"कानाला काही लावायचात का?"

"मफ होते. खिळ्याला टांगलेले. तपासणीवाले आले की घालायचो." मग ते म्हणाले, "ते घातले की प्रेसचा आवाज कळायचा नाही. डाय नीट बसली की नाही ते आवाजावरूनच कळतं ना."

तिने कागद पुढे केला. दोन रेघा डावीकडून बऱ्यापैकी सरळ येत होत्या आणि चार हजारांच्या आकड्यापाशी, म्हणजे बारीक सूर सुरू होतात तिथे, जिन्यावरून पाय घसरावा तशा खाली गेल्या होत्या. दोन्ही कान, सारखेच. गेलेलं परत येणार नाही, कानाच्या मशीनने बरीच मदत होईल, तीही सवयीने, असं तिने समजावून सांगितलं.

घरी आल्यावर पोपटरावांना राहून राहून एप्रिलमधला कार्यक्रम आठवत होता. पहिलं गाणं झाल्यावर पार्टीचा गायक संदेश मागे वळून हळूच म्हणाला होता, "दादा, जरा उतरवा ना ढोलकी. चढलीय." आणि ते भर स्टेजवर त्याच्यावर उखडले होते. "मला शिकवतो काय रे?" संदेशने मान हलवून पुढचं गाणं धरलं होतं. आता त्यांनी त्याला फोन लावला.

"संदेश, एप्रिलमध्ये ढोलकी चढली होती का रे?"

"जाऊ दे ना दादा, ते झालं गेलं."

"चढली होती का ते सांग."

"हो दादा. दोन-तीन वर्षं चढतेय." मग घाईघाईने, "आम्ही सगळे तशी पट्टी वर घ्यायचो. जमून जायचं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"तुम्हाला कोण बोलणार, दादा? तुमच्याकडून तर आम्ही शिकलो."

पोपटरावांनी फोन ठेवला आणि गॅलरीतल्या खुर्चीवर बसले, जिथे शकू बसत असे. राग आला नव्हता. राग यावा असं कुणी काही केलंच नव्हतं. ज्यांचा आपल्यावर जीव होता त्यांनी पट्टी वर घेतली, गॅलरीत जाऊन बसले, आणि आपण मंद लागते म्हणून दोरी ओढत आपल्या कानाच्या तोऱ्यात राहिलो. आणि ज्याने आपल्याला कधी पाहिलंही नव्हतं, तो एक पोरगा कोलशेतमध्ये बसून तेवढा म्हणाला, ग्राफ टाका. त्याला आपण ढोलकी विचारली.

त्या दुपारी त्यांनी स्पीकरचा ग्राफ आणि कानाचा कागद शेजारी शेजारी ठेवून एक फोटो काढला. लिहायला तास गेला. समीक्षाने शुद्धलेखन तपासू का विचारलं, त्यांनी नको म्हटलं.

"मंडळी, ग्राफ टाकतोय. उशीर झाला. डावीकडे माझा स्पीकर, उजवीकडे मी. स्पीकरची रेघ चार हजारांपुढे जिथे वर गेली आहे, तिथेच माझ्या कानाची खाली गेली आहे. प्रेसवर गेले कान, मला कळलं नाही. कानात जे कमी होतं ते मी स्पीकरमध्ये भरत बसलो आणि घरच्यांना टोचत राहिलं. ऋतुराज, तुझं बरोबर होतं. ढोलकीवरून बोललो ते मागे घेतो. ताई, नकाशा बदलू नका. ज्यांनी कारखान्यात वर्षं काढली आहेत त्यांनी एकदा तपासून घ्या."

पोस्ट टाकून त्यांनी फोन कपाटात ठेवला आणि भाजी आणायला खाली गेले. परत आले तर समीक्षा फोन हातात धरून उभी. "पप्पा, हे बघा." खडवलीच्या एका वेल्डरने स्वतःच्या कानाचा कागद टाकला होता, दोन वर्षांपूर्वीचा, कुणालाही न दाखवलेला. अंबरनाथच्या कुणीतरी लिहिलं होतं, उद्याच वडिलांना नेतो. बदाम कमी होते या वेळी. लोक लांब लांब लिहीत होते.

संध्याकाळी ऋतुराजचा फोन आला. पहिल्यांदाच बोलत होते दोघं. "काका, सॉरी हो," तो म्हणाला. "मला माहीत असतं तर असं सगळ्यांसमोर नसतं विचारलं."

"मग मला कळलं कसं असतं रे?"

मग त्याने भीत भीत विचारलं, "जोडी तशीच ठेवणार का? म्हणजे, तुम्हाला तर तशीच चांगली ऐकू येते."

"घरात माझे दोन कान आहेत, आणि बाकीचे चार," पोपटराव म्हणाले. "रेझिस्टर परत लावतोय. माइक आठवडाभर ठेवू का?"

"ठेवा की. महिनाभर ठेवा."

सुमतीताईंनी सुचवलं होतं की मागे एक बटण बसवा: एका बाजूला सगळ्यांचा आवाज, दुसऱ्या बाजूला तुमचा. कल्पना चांगली होती. पोपटरावांनी ते नंतर बसवायचं ठरवलं, पण आधी त्यांना सगळ्यांचा आवाज नीट करायचा होता. त्यासाठी त्यांनी शकूला पलंगावर समोर बसवलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली.

"टोचतं का, एवढं तर कळतंय?"

"ते कळतं."

त्यांनी रेझिस्टर लावला, गाणं लावलं. शकू म्हणाली, अजून जरा टोचतंय. तो काढून जास्त दाबणारा दुसरा लावला. आता? आता बरं. तिसरा? हा नको, बाई तोंडावर हात ठेवून गातेय. पोपटरावांनी समीक्षाला मोजायला सांगितलं. रेघ जवळजवळ सपाट आली, आणि तीही शकूने पसंत केलेल्या दुसऱ्या रेझिस्टरवर. समीक्षाने टाळ्या वाजवल्या. शकू लाजली. "पार्टीच्या मागे एवढी वर्षं बसले," ती म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं कसं वाटतं म्हणून."

पोपटरावांना मात्र तो आवाज मंदच लागत होता. हेच त्यांना सगळ्यात जड गेलं. समोर सपाट रेघ दिसत होती, बायको आरामात बसली होती, मुलगी मान डोलावत होती, आणि त्यांच्या कानाला काहीतरी अपुरं होतं. आपल्याला नाही तसं ऐकू येत, तरी ते आहे, असं मनाला सांगत त्यांनी वायर पक्क्या केल्या. सोल्डरिंगचा डाग देताना हात मात्र पूर्वीसारखाच स्थिर होता. पुढच्या महिन्यात कानाच्या मशीनची तारीख होती.

मग त्यांनी गायन पार्टीचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. कल्याणच्या एका कार्यक्रमात कुणीतरी कॅसेटवर घेतलेलं, नंतर समीक्षाने फोनवर उतरवून दिलेलं. त्यात तिशीच्या आतले पोपटराव ढोलकी वाजवत होते. ते ऐकत होते आणि आपल्याच हाताचा ठेका ओळखत होते.

"मंजिरी कोण वाजवतंय?" शकूने विचारलं.

"मंजिरी? यात मंजिरी नाहीये."

"आहे की. मागे आहे, बारीक. छान वाजवतोय."

पोपटराव पुढे वाकले. स्पीकरला जवळजवळ कान लावला. ढोलकी होती, पेटी होती, कोरस होता. मग एकदम त्यांना आठवला नाथा. सुताराच्या दुकानात काम करणारा, सडपातळ, स्टेजवर नेहमी सगळ्यांच्या मागे. दोन वर्षं पार्टीत होता, मग सुरतेला गेला. तो मंजिरी वाजवायचा. इतकी वर्षं तो पोपटरावांच्या आठवणीतूनही पुसला गेला होता, आणि इथे अजून वाजवत होता.

"नाथा आहे तो," ते म्हणाले. "कसा वाजवतोय? दाखव ना."

शकूने क्षणभर ऐकलं. मग पलंगाच्या लाकडी कडेवर दोन बोटांनी टकटक सुरू केली. दोन जवळ, एक लांब, मध्येच एक ठोका सोडून. पोपटराव तिच्या बोटांकडे पाहत राहिले. ढोलकी त्यांना ऐकू येत होती आणि मंजिरी दिसत होती.

गाणं संपलं. शकू उठायला लागली. "भाजी टाकायचीय हो."

"अजून एकदा," ते म्हणाले. "एकदाच."

ती पुन्हा बसली.